गळती आधी, गॅस मग

गाडीच्या एसीतला गॅस संपत नसतो. पेट्रोल जळून जातं, इंजिनातलं ऑइल काळं पडतं, ब्रेकचे पॅड झिजतात. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही आणि वापरल्यानेही कमी होत नाही. गाडी कारखान्यातून निघताना भरलेला तोच गॅस बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर पडला आहे, एवढाच त्याचा अर्थ. या पुस्तकाचा सगळा पसारा या एका गोष्टीवर उभा आहे. पण एप्रिल उजाडला की आपल्या भागातल्या गॅरेजांत गाडीवाला जे मागतो आणि मेकॅनिक जे देतो, ते याच्या नेमकं उलट असतं. ‘‘गॅस संपलाय, मारून द्या.’’ गॅस मारला जातो, जाळीतून गार हवा येते, पैसे चुकते होतात. जूनमध्ये पाऊस लागतो आणि एसीचा विसर पडतो. पुढच्या एप्रिलात तीच गाडी, तीच मागणी.

हे पुस्तक बेलापूर, श्रीरामपूर, राहुरी, कोल्हार, लोणी या पट्ट्यातल्या मेकॅनिकांना समोर ठेवून लिहिलं आहे. उदाहरणंही इथलीच घेतली, कारण गळतीचा संबंध गावच्या हवेशी आणि रस्त्यांशी असतो. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. त्याआधी गळीत हंगामाचे चार-पाच महिने उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे अडकलेल्या मोटारीच्या तोंडावर पाचटाचे तुकडे, काळ्या मातीची धूळ आणि उडालेली खडी येते. आणि मोटारीच्या तोंडाशीच, रेडिएटरच्याही पुढे, एसीचा कंडेन्सर बसवलेला असतो. थंडीमुळे याच महिन्यांत एसी बंद राहतो. बराच काळ बंद राहिलेल्या कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलला ऑइल मिळत नाही, ते कोरडं पडतं. म्हणजे इजा होते हिवाळ्यात आणि कळते उन्हाळ्यात. शिर्डी-शिंगणापूरच्या भाविकांना फिरवणाऱ्या भाड्याच्या गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. गाडी उन्हात उभी, इंजिन चालू, एसी चालू, कंडेन्सरला धावत्या गाडीचा वारा नाही; हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणाऱ्या बाजूचा, दाब चढत जातो. होज पाइपाच्या जुन्या क्रिंपिंगमधून गॅस सुटायला याहून सोयीची वेळ नाही.

आजवर हे दुखणं मोटारी आणि जीपगाड्यांपुरतं होतं. १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी बसवणं केंद्र सरकारने बंधनकारक केलं आहे. साखर आणि कांदा वाहणारे हे ट्रक काही वर्षांत वॉरंटीबाहेर येतील आणि रस्त्याकडेच्या गॅरेजांपुढे उभे राहतील. ड्रायव्हरच्या जिवाला गारवा मिळावा म्हणून केलेला नियम टिकेल की नाही, हे शेवटी त्या गॅरेजातल्या माणसाला गळती शोधता येते का यावर ठरेल.

आता यंत्रणा थोडक्यात पाहू. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्याबरोबर तो तापतो. पुढच्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेला उष्णता देऊन त्याचा द्रव होतो. ड्रायर त्यातली ओल शोषून घेतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून द्रव पलीकडे गेला की दाब एकदम पडतो आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. आर-१३४ए हा आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतला गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो केबिनच्या हवेतून ओढून घेतो आणि आपल्याला गार वाटतं. तिथून वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे. साधारण छोट्या मोटारीत हा सगळा संसार साडेतीनशे ते सहाशे ग्रॅम गॅसवर चालतो. घरातल्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर आणि मोटर एकाच डब्यात सील केलेली असतात, नळ्या झाळलेल्या असतात. मोटारीत तसं करता येत नाही. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा शाफ्ट कवचातून बाहेर आणावा लागतो. इंजिन हलतं, म्हणून मध्ये रबरी होज द्यावे लागतात. सुटे भाग जोडायचे, म्हणून प्रत्येक सांध्यावर ओ-रिंग येते. गॅस भरायचा, म्हणून पिनचे व्हॉल्व्ह लागतात. गळतीच्या सगळ्या जागा इथेच ठरून जातात : शाफ्ट सील, होजचं क्रिंपिंग, ओ-रिंग, पिन, आणि बाहेरच्या माराला उघडे असलेले कंडेन्सर व कूलिंग कॉइल.

रबरातून थोडा गॅस नव्या गाडीतूनही झिरपतो. युरोपीय संघाने एका कॉइलच्या यंत्रणेसाठी वर्षाला ४० ग्रॅम ही वरची मर्यादा घातली होती. याचा हिशेब मेकॅनिकाने मनाशी मांडून ठेवावा. ४५० ग्रॅमची गाडी पाच-सहा वर्षांनी थोडी कमी गार करू लागली तर ती म्हातारपणाची झिरप असू शकते. तीच गाडी एका उन्हाळ्यात रिकामी झाली तर ती गळतीच, आणि तिला जागा आहे. ती सापडेपर्यंत गॅस भरण्यात अर्थ नाही.

या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातून सुटलेलं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेच्या कालव्यांत येतं. टेलच्या शेताला पाणी पोचलं नाही तर धरणातून आणखी आवर्तन सोडून भागत नाही. पाट कुठे फुटला आहे ते कुणीतरी काठाकाठाने चालत जाऊन बघावं लागतं. गाडीच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी आवर्तनावर आवर्तन मागतो आणि आपण ते सोडत राहतो.

गळणारा गॅस असा हवेत जाऊ देण्याची सवय जिथून आली तो इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. १९२०च्या दशकाअखेरीस अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन हा शीतक म्हणून पुढे आणला. त्याआधीचे अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड विषारी होते. हा नवा वायू पेटत नव्हता, विषारी नव्हता, वासही येत नव्हता. १९३९मध्ये पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार विकायला आणली. पुढे मोटारींत याच जातीचा आर-१२ रुळला. तो निरुपद्रवी असल्याची खात्री इतकी पक्की होती की हवेत सोडून देण्यात कुणाला काही वावगं वाटेना. १९७४मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की हेच वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७मध्ये माँट्रियल करार झाला, आर-१२ मागे पडला आणि त्याच्या जागी ओझोनला न लागणारा आर-१३४ए आला. त्याचं दुखणं निराळं. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता अडवतो. ४५० ग्रॅम गॅस उडून गेला तर ते साधारण ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. एवढा धूर निघायला पावणेतीनशे लिटरच्या आसपास पेट्रोल जाळावं लागेल. माँट्रियल कराराच्या २०१६मधल्या किगाली दुरुस्तीत आर-१३४एसारखे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं आणि २०२१मध्ये भारतानेही तिला मान्यता दिली. युरोपात २०१७पासून नव्या मोटारींत आर-१३४ए भरता येत नाही; तिथे आर-१२३४वायएफ आला. तो हवेला फारसा तापवत नाही, पण महाग आहे आणि काही प्रमाणात पेटतो. महाग गॅस आपल्या गॅरेजांपर्यंत येईल तेव्हा दरवर्षी नुसता गॅस मारून घेणं गिऱ्हाइकाच्या खिशालाच परवडणार नाही. गळती शोधायला तेव्हा शिकण्यापेक्षा आज शिकलेलं बरं.

पुस्तकातलं पहिलं प्रकरण गळतीचं नाही, शंकेचं आहे. एसी गार करत नाही म्हणजे गॅस गेला, ही उडी मारण्याआधी चार गोष्टी बघायच्या. केबिन फिल्टर धुळीने बुजला आहे का? कंडेन्सरच्या जाळीत पाचट अडकलं आहे का? पंखा फिरतो का? कॉम्प्रेसरचा क्लच खेचतो का? यांतलं काही बिघडलेलं असताना वरून गॅस भरला तर दाब वाढतो आणि चांगला होजही हात टेकतो. गाडीखाली पाणी टपकताना दिसलं की पुष्कळ लोक ‘एसी लीक आहे’ म्हणून घाबरून येतात. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ गार होऊन झालेलं ते पाणी असतं आणि ते टपकायलाच हवं. ते टपकायचं थांबून पायाशी गालिचा ओला झाला, तर ड्रेनची नळी तुंबली आहे.

मग गेज लावायचं. निळा होज लो साइडला, तांबडा हाय साइडला. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त झाला आहे, किंवा कंडेन्सर उष्णता टाकत नाही. लो वर आणि हाय खाली असेल तर कॉम्प्रेसरच दाबत नाही. इथे एक फसगत सांगून ठेवतो. बंद गाडीला गेज लावून ‘दाब आहे, म्हणजे गॅस आहे’ असं पुष्कळ जण ठरवतात. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी बंद गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो. ३५ अंशांना आर-१३४ए सुमारे ११५ पीएसआय दाखवतो, मग आत ४५० ग्रॅम असोत की २५०. किती गॅस आहे हे काटा सांगत नाही, ते वजनकाटाच सांगतो.

गॅस कमी आहे हे ठरल्यावर खरं काम सुरू होतं, आणि त्याचं पहिलं हत्यार फुकट आहे : डोळे. गॅसबरोबर आत कॉम्प्रेसरचं ऑइलही फिरतं. गॅस जिथून सुटतो तिथून ऑइलही थोडं पाझरतं आणि त्यावर धूळ चिकटते. नळीच्या सांध्यावर किंवा कंडेन्सरच्या कोपऱ्यात चिकट काळा डाग दिसला तर अर्धा शोध तिथेच लागला. आपल्या भागात धूळ इतकी आहे की ही खूण सहसा चुकत नाही. फक्त आधी इंजिन धुऊ नये. सर्व्हिसिंगला आलेली गाडी चकचकीत धुऊन मग एसी तपासायला घेणारा मेकॅनिक स्वतःच्या हाताने पुरावा पुसतो.

दुसरं साधन साबणाचं पाणी. ते मोठी गळती पकडतं, बारीक गळतीला पुरत नाही. तिसरं अतिनील रंग. ऑइलमध्ये थोडा रंग सोडून गाडी काही दिवस चालू द्यायची, मग अंधारात अतिनील टॉर्च आणि पिवळा चष्मा घेऊन बघायचं. गळतीच्या जागी हिरवट-पिवळं चमकतं. चौथं इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. चांगला डिटेक्टर वर्षाला काही ग्रॅम इतकी बारीक गळतीही हुंगतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने टोक सांध्याच्या खालून आणि सावकाश फिरवायचं. पंखा बंद, आडोसा केलेला. कूलिंग कॉइल डॅशबोर्डामागे लपलेली असते. तिच्यासाठी गाडी बंद करून थोडा वेळ थांबायचं आणि ड्रेनच्या तोंडाशी टोक धरायचं. डॅशबोर्ड खोलणं हा दिवसाचा खेळ आहे. कॉइलवर नुसता संशय घेऊन तो खेळायचा नसतो. जुन्या मेकॅनिकांनी हॅलाइड टॉर्चची हिरवी ज्योत पाहिली असेल. ती क्लोरीनमुळे हिरवी होई. आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ती इथे निरुपयोगी आहे.

व्हॅक्यूमबद्दलचा गैरसमज सगळ्यांत खोल रुजलेला आहे, म्हणून त्याला पुस्तकात वेगळं प्रकरण दिलं आहे. व्हॅक्यूम मारून काटा अर्धा तास स्थिर राहिला म्हणजे गळती नाही, असं आपण मानतो. पण व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलते, तीही फार तर १४-१५ पीएसआयने. गाडी चालताना हाय साइडला आतून बाहेर दोनशेच्या आसपास पीएसआयचा दाब असतो. आत ओढली जाऊन घट्ट बसलेली ओ-रिंग बाहेर ढकलली गेल्यावर सुटू शकते. व्हॅक्यूमचं खरं काम ओल काढणं. तीस अंशांच्या दिवसात पाणी उकळवून बाहेर काढायचं तर आतला दाब हवेच्या दाबाच्या विसाव्या भागाहून खाली न्यावा लागतो, आणि तिथे पुरेसा वेळ ठेवावा लागतो. गळतीची परीक्षा घ्यायची ती कोरड्या नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून, साधारण १५० पीएसआयपर्यंत. रात्रभर ठेवणार असाल तर तापमान लिहून ठेवा. दुपारी चाळीस अंशांना लावलेला १५०चा काटा पहाटे पंचवीस अंशांना गळती नसतानाही १४२च्या आसपास येतो. तो आठचा फरक पाहून नवा कंडेन्सर घालू नका. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. ऑइल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचं सिलिंडर हाताशी असतं, म्हणूनच हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

जागा सापडली की दुरुस्ती तुलनेने सरळ असते. इथे आळस तेवढा घात करतो. सांधा उघडला की जुनी ओ-रिंग टाकून नवी घालायची, आर-१३४एला चालणारी, योग्य मापाची, ऑइल लावून. टेफलॉन टेप गुंडाळायची नाही. यंत्रणा उघडी पडली असेल तर ड्रायर बदलायचा, कारण तो हवेतली ओल पिऊन बसतो. कंडेन्सरच्या बारीक नळ्यांना एम-सील लावणं म्हणजे पुढच्या महिन्याचं गिऱ्हाईक आजच पक्कं करणं. गळती बुजवणारी औषधं भरली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि गॅस काढण्या-भरण्याचं मशीन दोन्ही तुंबू शकतात. किती ऑइल गेलं याचा अंदाज घेऊन तेवढं परत घालायचं. शेवटी व्हॅक्यूम, आणि त्यानंतर बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस, वजन करून. गॅस कमी झाल्यावर कॉम्प्रेसर तोडणारा प्रेशर स्विच शॉर्ट करून गाडी चालू करून देणं ही मदत नसते. गॅस कमी म्हणजे ऑइलचं परतणं कमी. तो स्विच कॉम्प्रेसर वाचवण्यासाठीच बसवलेला आहे.

गॅसच्या खरेदीबद्दल दोन शब्द. स्वस्त टिनमध्ये काय आहे हे टिनवरच्या अक्षरांवरून कळत नाही. आर-१३४एच्या नावाने मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस जगात विकला गेला आहे. तो अ‍ॅल्युमिनियमशी प्रक्रिया करतो. २०११मध्ये अशा गॅसमुळे जहाजी मालाच्या शीतकंटेनरांत स्फोट होऊन कामगार दगावले. मोटारीचा कंडेन्सर आणि कॉइलही अ‍ॅल्युमिनियमचेच असतात. घरगुती सिलिंडरचा गॅस एसीत भरण्याचा उद्योग तर केबिनमध्ये बसलेल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

इतकं सगळं ठाऊक असूनही गळती शोधली का जात नाही? मला दिसणारं उत्तर यंत्रापेक्षा व्यवहारात आहे. गिऱ्हाईक गॅसचे पैसे देतं, कारण गॅस दिसतो. टिन दिसतं, गेजचा काटा हलताना दिसतो, लगेच गार हवा लागते. दोन तास वाकून सांधे हुंगणाऱ्या माणसाच्या कष्टाला बिलात ओळ नाही. ‘नुसतं बघायचे पैसे?’ हा प्रश्न ऐकावा लागला की मेकॅनिक दुसऱ्यांदा बघत नाही, सरळ गॅस मारतो. त्यात शिक्षणाची अडचणही मिसळते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड वेगळा आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा वेगळा. मोटारीचा एसी दोघांच्याही वाट्याला थोडा थोडा येतो आणि पुरता कुणाच्याच वाट्याला येत नाही. केंद्राच्या २०१९च्या कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनने एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. लक्ष्य चांगलं होतं, पण प्रशिक्षण घेऊन आलेल्या माणसालाही गावात शोधाची मजुरी मिळाली नाही तर तोही महिन्याभरात टिनच फोडू लागेल.

म्हणून हे पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांनी वाचावं असं वाटतं. मेकॅनिकाने ते क्रमाने वाचावं : शंका, गेज, शोध, परीक्षा, दुरुस्ती, भरणी. क्रम मोडला की पैसे जातात, आणि ते बहुधा त्याचेच जातात. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय पहिली पिनही दाबू नये. उणे सव्वीसला उकळणारा द्रव डोळ्यात गेला तर डोळा वाचवणं कठीण. गाडीमालकाने सगळं वाचलं नाही तरी चालेल. त्याने गॅरेजात तीन प्रश्न विचारायला शिकावं : गळती कुठे होती, बदललं काय, आणि गॅस किती ग्रॅम भरला? उत्तर देताना मेकॅनिकाने बिलावर दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात, एक गळती शोधल्याची आणि एक गॅसची. पहिली ओळ लिहायची सवय आपल्या पट्ट्यात रुजली, तर दुसऱ्या ओळीतली रक्कम दरवर्षी लिहावी लागणार नाही.